तीन ठोके

पहिल्याच ठोक्याला हार्पून आत गेला, तर मागे फिर.
दुसऱ्याला गेला, तर स्लेज ठेव, एकटी चाल.
तिसऱ्यालाही बर्फानं दाद दिली नाही
तर कुत्री, पोरं, चहाची किटली, सगळं घेऊन नीघ.
अर्नाट्सियाकमावशीची सगळी भूमिती एवढीच.

बैठक शाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
दक्षिणेकडच्या साहेबांनी नकाशा पसरला,
गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर चार मग.
उन्हाळ्यात तगणारा उरलासुरला बर्फ
निळ्या रेघेच्या आत.
इथे जहाज नाही, खाण नाही, तेलाची विहीर नाही.
मी दुभाषी. ‘राखीव’पाशी अडखळले.
म्हटलं, ज्याला हात लावायचा नाही, ते.
“मग मी सील कुठे मारू?” मावशी म्हणाली.
साहेब हसले.
ती हसत नव्हती, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

गुडघ्यावर हात टेकून उठली.
बोट ठेवलं, ते रेघेच्या बाहेर.
“इथे सीलच्या पिल्लाचं घर होतं. वरचं छप्पर पावसानं नेलं.
एप्रिलात, पावसानं!
पांढऱ्या लोकरीचं पिल्लू उघड्यावर,
आणि भोवती डोमकावळे.
ऑगस्टात एककान्या अस्वल कचरापट्टीवर आलं, डबे चाटत.
लाज वाटली मला,
पाहुण्याला उष्टं वाढल्यासारखी.
आणि बर्फ तर चालतो. तुमची रेघ चालेल?”

मग कुणी बोलेना.
हीटर तेवढा घरघरत होता.
त्यांच्यातल्या एकानं, लिंडालनं, खोडरबर मागितलं.
शाळाच ती, पण खोडरबर सापडेना.
शेवटी त्यानं निळ्या रेघेबाहेर
पेन्सिलीनं टिंबं काढली, लांबवर, मावशीच्या बोटापलीकडे.
“पुढच्या वर्षी?” त्यानं विचारलं.
“पुढच्या वर्षी परत ये. मार्चात ये, जूनमध्ये ये.
मला विचार. मी नसेन तर हिला.”
‘हिला’ म्हणजे मला.
हे मी खाली मान घालून भाषांतरित केलं.

सकाळी ती त्याला बर्फावर घेऊन गेली.
एक ठोका.
दुसऱ्याला हार्पून खाली गेला, मऊ, जसा लोण्यात.
भोकातून बोटभर पाणी वर आलं.
तिनं हातमोजा काढला, बोट बुडवलं, चाखलं.
“इथल्याच बर्फाचा आई चहा करायची.
जुन्या बर्फाचं पाणी गोडं.”
त्यानंही चाखलं.
तोंड वाकडं केलं.

याला दुभाषी लागली नाही.
मी वही काढली.
सहा जून. ठोके दोन.
स्लेज तिथंच ठेवली,
आणि एकेक करून, अंतर राखून,
आपल्याच पावलांवरून मागे आलो.