फुंकणी

बाबा इंजेक्शन घ्यायला नेहमी आड जातात.
कार्यालयात पानं मांडली की हे उठतात,
हात धुवायचं निमित्त करून,
संडासाच्या कडीला पिशवी अडकवतात,
शर्टाचं टोक दातांत धरतात.
परत येईतो वरण निवलेलं.
शेजारचा विचारतो, "काय वेर्लेकर, पोट बिघडलंय?"
"हो," म्हणतात.
चौदा वर्षं बिघडलेलंच आहे.

म्हणून मी डॉक्टर कांगांना ते नवं औषध विचारलं,
पावडरीचं, श्वासातून ओढून घ्यायचं.
त्यांनी खणातून रिकामा नमुना काढला,
पांढरा, शिट्टीएवढा.
जेवायला बसताना ओठांत धरायचा, एक श्वास,
भात संपायच्या आत इन्सुलिन कामाला लागतं.
बाबांनी तो तळहातावर झेलून पाहिला.
"तोळाभरही नाही," म्हणाले.

मग माप विचारलं.
चार, आठ, नाहीतर बारा.
"पाच?"
"पाच नाही."
फणसवाडीच्या माडीवर बेचाळीस वर्षं
पाव गुंजेचा हिशोब लागेना म्हणून
जेवणावरून उठलेला माणूस.
मला कोपरानं ढोसून कुजबुजले,
"ठोक दुकान दिसतंय."

पण आधी फुप्फुसं तपासायची होती.
नळीत फुंकायचं, बस्स.
मला हसूच आलं. फुंकायचं, आणि बाबांनी!
नाकानं घेत, गालांत साठवत, ओठांनी सोडत
ज्यांनी ठुशीच्या मण्यामण्याला डाग दिला,
दिव्याची ज्योत सुईसारखी वाकवून
नथीच्या तारेवर अलगद टेकवली.

तपासणीवाली ज्युलियाना ओरडत होती,
"जोरात, अंकल! अजून! अजून! सोडू नका!"
बाबा सोडत होते बेतानं.
जोर केला की बारीक काम वितळतं,
हे त्या यंत्राला कोण सांगणार?
तीनदा झालं.
कागदावरची टेकडी तिन्ही वेळा बसकी निघाली.
चौसष्ट टक्के.

"सिगारेट?"
नाही.
"विडी, तंबाखू?"
कधीच नाही.
मग बाबांनी आपल्या पिवळ्या नखांकडे पाहिलं
आणि सांगितलं: तेजाब. कोळसा. सवागीचा धूर.
जुन्या गिऱ्हाइकांची नावं घ्यावीत तसं.
"खोलीला खिडकी नव्हती?"
"होती की. बंद ठेवायचो.
वाऱ्यानं ज्योत हलते."

डॉक्टर कांगांनी नमुना खणात ठेवला.
तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या,
डॉक्टर म्हणतात तसं.
रात्रीची सुई तर नाहीतरी राहणारच होती.
ठाकूरद्वारच्या केमिस्टला तरीही विचारून ठेवलं.
मागवावं लागेल, पैसे आधी, परत घेणार नाही.
"आजवर दोघांनीच विचारलंय, दुसऱ्या तुम्ही."
महिन्याचा आकडा ऐकून मी पर्सची चेन
उगाच उघडली, उगाच लावली.
मेडिक्लेमच्या फोनवर बराच वेळ सनई वाजली,
मग एक मुलगा नम्रपणे नाही म्हणाला.
आणि आत्या, जिला काहीच सांगितलं नव्हतं,
तिनं चाळभर करून टाकलं:
वामनला दमा झाला, पंप देणार आहेत.

काल रात्री स्वयंपाकघरात उजेड दिसला.
कपाटावरची पितळी फुंकणी खाली आली होती,
चिंचेनं घासलेली.
बाबा बंद शेगडीसमोर पाटावर बसून
नसलेल्या ज्योतीवर फुंकत होते.
"बाबा, ते औषध आत ओढायचं असतं."
"माहीत आहे. तू घड्याळ बघ."

मी बघितलं. तपासणीला सहा सेकंद लागतात.
चार.
साडेचारला खोकला आला.
डोळे पुसत त्यांनी विचारलं, "किती?"
"पाच," मी म्हटलं,
गुंजभर हीण घालून.

त्यांच्या लक्षात आलं असणार.
कसाला लावलं नाही.