चार टिचबटणं

पहिलं मी विकायला शिवलंच नव्हतं.
रविवारी भार्गवचे मित्र जमायचे
वीस-वीस तोंडांचे फासे घेऊन.
सापशिडी नाही, सोंगट्या नाहीत,
कुठल्याशा राक्षसाच्या गुहेत दुपारभर वाट काढत बसायचे
आणि फासे उडायचे फ्रिजखाली, दिवाणाखाली,
एकदा तर वरणाच्या पातेल्यात.
फरशीवर टक्, टक्, टकटक.
मग खालून शिंगवेकर
काठीने छताला: ठक्.

ब्लाउजची हिरवी मखमल उरली होती,
पाठीला जुन्या सोफ्याचं रेक्झिन,
मधे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा,
कोपऱ्यांना चार टिचबटणं.
एरवी रुमालासारखं सपाट.
कोपरे चिमटीत धरून दाबले, टच टच टच टच,
की कडा उभ्या राहतात, छोटी परात होते.
दान पडतं, घरंगळतं, थांबतं.
आवाज नाही.

पोरांनी आणखी पाच मागितली.
मग विजयनगरच्या कॅफेतली पलक बाकलीवाल आली,
हेल्मेट काखेत,
परात उलटसुलट करून म्हणाली,
"आंटी, चालीस पीस. रेट बोलो."

बावीस वर्षं मल्हारगंजात फॉल-पिको करतेय,
त्याचा भाव गल्लीने ठरवलेला.
ह्या वस्तूचा भाव मात्र गल्लीला ठाऊक नव्हता,
मलाही नव्हता.
"उद्या सांगते," म्हणाले.

रात्री वहीत मांडलं:
मखमल, सीतलामाता बाजारातून, ठोक.
रेक्झिन. दोरा. बटणं ग्रोसवर.
दोन सुया तुटल्या, त्याही.
बेरीज एकसष्ट.
हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि तू?"
मी म्हटलं, मी काय, घरचीच.
ते पुढे काही बोलले नाहीत, ते बरं केलं.
मग मीच लिहिलं, बारीक अक्षरात: मजुरी.
त्यापुढचा आकडा लिहीपर्यंत
गॅसवरचा चहा आटून तळाला लागला.

सकाळी भार्गव म्हणाला, आई, फासा टाक,
दहाच्या वर आला तर तुझाच भाव.
एक आला.
पोरगा हळहळला, ह्यांच्यात एक म्हणजे सगळ्यात वाईट.
मी फोन लावला आणि माझाच भाव सांगितला.
तिकडून लगेच, "ठीक है आंटी."
इतकं लगेच की दिवसभर वाटत राहिलं,
वीस रुपये कमी सांगितले.

दुसऱ्या खेपेला अकरा नगांना
दोन्हीकडे नरच बसवले मी, मादी कुठेच नाही.
दाबलं तर बंदच होईनात.
परत आले, उसवले, पुन्हा लावले,
अंगठ्याला पडलेला घट्टा अजून आहे.
आता पाकिटं नाशिकला जातात, जबलपूरला,
एक शिलाँगला गेलं, पिनकोड तीनदा तपासला.
खेळ मला अजून कळत नाही.
गिऱ्हाइकाला एवढंच सांगते,
फासा हरवणार नाही, शेजारी भांडणार नाही.

परवा जिन्यात शिंगवेकर भेटले,
हातात दुधाची पिशवी.
"पोरं येत नाहीत का हो हल्ली रविवारची?"
"येतात की. आहेत ना, दर रविवारी."
"मग काही ऐकू येत नाही."
त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"मी मोजायचो," म्हणाले.
"एका दुपारी एकशेचौदा."
आणि किल्ली शोधू लागले.

रविवारी खेळ संपला, पोरं चपला घालत होती.
मी भार्गवच्या हातातला फासा घेतला
आणि दाराजवळच्या उघड्या फरशीवर टाकला.
टक्, टक्, टकटक.
किती पडले बघितलंच नाही.
पोरं माझ्याकडे बघत राहिली.

खालून, जरा वेळाने,
काठी.
एकदाच.

मग मी दिवा ओढून घेतला.
सोमवारी सकाळी सोळा नग द्यायचे होते,
आणि बटणं अजून एकालाही नव्हती.