वर्णनाचा रकाना

पहाटे पावणेसहाला सूस रोडवर
धूर आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना.
तक्रार रात्रीच आली होती, फोटोसकट.
चौथ्या मजल्यावरून काढलेला:
खाली एक केशरी ठिपका,
त्याच्याशेजारी एक माणूस आणि दीड कुत्रं.
उरलेलं अर्धं फ्रेमबाहेर.

माझ्याकडे पावतीपुस्तक आहे,
कार्बन जुना, दाबून लिहावं लागतं.
नाव: सुरवसे नागनाथ.
वय: "लिव्हा साठ."
गावाला रकाना नाही, तरी त्याने सांगितलं,
बार्शीच्या पुढं, वैरागच्या अलीकडं.
काम: सोसायटीचं गेट उघडणे, लावणे.

मग येतो तो रकाना,
जाळलेल्या वस्तूचे वर्णन.
बघितल्याशिवाय लिहायचं नाही अशी माझी खोड,
म्हणून काठीने उकरते.
बुचाची पानं, दवाने ओली, त्यामुळे एवढा धूर.
अर्धी करवंटी.
कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिका,
गणपती अजून सोंडेपर्यंत शिल्लक.
एक रबरी चप्पल, डावी.
"चप्पल कशाला?"
"पानं धरंनात, मॅडम. चप्पल लगीच धरती."

चपलेचा धूर मला माहीत आहे.
घरी धाकट्याच्या उशाशी नेब्युलायझर असतो,
डिसेंबर-जानेवारीत त्याच्या छातीची घरघर
मला गजराच्या आधी उठवते.
त्या वेळी नियम पटतो मला, शब्दन् शब्द:
पालापाचोळा, कचरा, प्लास्टिक, टायर,
उघड्यावर, कुणीही, केव्हाही.

आणि शेकोटी?
प्रशिक्षणात मी विचारलं होतं.
साहेब म्हणाले, सोसायटीने वॉचमनला हीटर द्यायचा.
आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

"हीटर दिलाय का तुम्हाला?"
नागनाथ केबिनकडे बोट दाखवतो.
आहे की. खोक्यात.
खोक्यावर त्याचा डबा, डब्यावर त्याची टोपी.
प्लगला मात्र चेअरमननी टेप मारलीय,
बिल वाढतं.

"मग दंड सोसायटीच्या नावाने लिहिते."
तो पहिल्यांदा उभा राहतो.
"नगा मॅडम. माझ्याच नावानं टाका.
पगारातनं कापत्याल. त्यांच्या नावानं टाकलं
तर मलाच कापत्याल."

नाव तर मघाशीच लिहून झालंय.
खोडलं तर खाडाखोड,
फाडलं तर कोऱ्या पावतीचा हिशेब,
दोन्हीला वर उत्तर द्यायचं.
पेनातली शाई गारठलीये, उमटत नाही.
मी पेन तळव्यात चोळते,
मग तळवे एकमेकांवर,
मग, खरं सांगायचं तर, जरा पुढे सरकते.
पाषाणच्या बाजूने वारं येतं,
धूर वळून आमच्या दोघांच्या डोळ्यांत जातो
आणि आम्ही दोघंही मान फिरवतो, एकाच बाजूला.

पाण्याची बाटली पिशवीत आहे.
विझवणं माझं काम आहे आणि मी विझवणार आहे.
झाकण उघडलंसुद्धा आहे.

वर, चौथ्या मजल्यावर,
गॅलरीत काहीतरी लख्खकन चमकतं.

आजच्या फोटोत माणसं दोन.
कुत्री बहुतेक पूर्ण.