उजव्या हाताचा चाकू

कुरियरवाला पोरगा शेंदूरजन्याच्या चौकातून तीनदा फोन करून
शेवटी नर्सरीच्या काटेरी फाटकाशी आला.
खोका केवढा, तर साबणाच्या वडीएवढा.
आत जर्मन चाकू. अक्रोडाची मूठ,
मुठीच्या टोकाला साल उचलायची पितळी जीभ.
पाच हजार आठशे.
बेबीनंदाला आठशे सांगितले,
पाच हजार तोंडातच राहिले.

सत्तावीस वर्षं मी डोळे भरतो.
जंबेरीच्या खुंटावर उलटा टी,
आत संत्र्याचा डोळा सरकवायचा,
पट्टी गुंडाळायची, पुढचं रोप.
दिवसाला आठशे, वाकून.
हे सगळं ज्या चाकूनं केलं
तो हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा,
गंगाधर लोहारानं घासून दिलेला,
मुठीला सायकलची ट्यूब.

नवा चाकू पहिल्याच खुंटावर बाहेर पळाला.
वाटलं, मनगट चुकलं.
दुसऱ्यावर पळाला, तिसऱ्यावरही,
पाचव्याला डोळाच उभा चिरला.
मग पातं उन्हात धरलं :
एक बाजू सपाट, एका बाजूला धारेचा उतार.
खोक्यातल्या कागदावर चार भाषा
आणि सगळ्या चित्रांत उजवा हात.
मी डावखुरा.
मास्तरांच्या छडीनंही न वळलेला.

तेव्हा आठवलं,
पातं घासण्याआधी गंगाधर म्हणाला होता,
“कप उचल.”
मला वाटलं, चहा पाजतोय.
तो हात बघत होता.

लोखंडी पेटीत अजून आहे बरंच.
बारा फुटी दांड्याची कात्री,
आणि माझी रोपं गुडघ्याएवढी.
रसातली साखर मोजायची नळी,
आणि मी फळ विकतच नाही.
“दुर्बीण हाय का?” बेबीनंदानं डोळ्याला लावून पाहिलं,
“निस्तं निळं दिसते.”
एका संध्याकाळी तिच्यात चहाचा थेंब टाकला.
अकरा निघाले.
तेव्हापासून ती साखर कमी टाकते.
नळीचं झालेलं काम एवढंच.

रात्री पाठ टेकली की
सालीच्या चिकानं काळा झालेला अंगठा
मोबाइलवर सरकत राहतो.
घेतो ते माझ्यासाठी नसतंच बहुतेक,
पुढच्या हंगामातल्या कुणासाठी असतं,
ज्याचा कणा ताठ आहे,
ज्याची रोपं बारा फूट वाढणार आहेत.

गेल्या जानेवारीत फुलवंती धुर्वेचा चाकू तुटला.
एक दिवस वापर म्हटलं, जपून.
ती जेवायलाही उठली नाही.
सांजेला नऊशे चाळीस.
“दादा, हा त आपोआपच चालते.”
मी चाकू पुसला, खोबरेल लावलं, पेटीत ठेवला.
दुसऱ्या दिवशी ती वाफ्याशी
हात जरा पुढं करून उभी होती.
मी तिला बाजारातलं पातं दिलं, चाळीसचं.
तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या :
तिच्या त्या दिवसाच्या ओळीत एकही डोळा वाळला नव्हता,
माझ्या शंभरात अकरा काळे.
मी ते वहीत लिहिलं नाही.

खंडेनवमीला सगळं धुऊन पाटावर मांडलं.
गंगाधरचा चाकू झिजून एवढा उरलाय
की झेंडूच्या एका फुलाखाली झाकला जातो.
जर्मन चाकू लखलखत होता,
पितळी जिभेला कुंकू छान बसलं.
फूल उजव्या हातानं वाहायचं असतं,
माझ्या उजव्या हाताला वर्षातून तेवढंच काम.

बेबीनंदाचं हळदीचं बोट तिथं थांबलं.
“याले काहून? यानं काय केलं?”
“नऊशे चाळीस.”
“कोणाचे?” म्हणाली ती,
आणि पाटावर न मावणाऱ्या
बारा फुटी कात्रीकडे वळली.