नेहमी राहणारे

अर्ज कन्नडमध्ये. प्रश्न मी मराठीत विचारते.
उत्तरं येतात दोन्हीत मिळून,
मधेच एखादा कोंकणी शब्द,
गोव्याहून सुट्टीला आल्यासारखा.

तोरणगाळी, तालुका खानापूर. घरं चौसष्ट.
गेरूनं आकडे मीच लिहिले दारांवर.
सतराव्या घरानं दिवाळीला दार रंगवलं,
तेव्हापासून सतरा फक्त माझ्या वहीत.

भरमा घाडी म्हणाले, "लिवा की बाई, सात."
मी म्हटलं, दिसतात तिघं.
"दोघं मडगावला, एक पुण्यात, एक पलटणीत.
खरं भाकरी सातांच्याच थापल्या जातात,
उरलेल्या म्हशीला."
नियम असा, सहा महिने राहिला तोच.
मी तीन लिहिलं.
त्यांनी माझ्या पेनाकडं बघितलं,
पंगतीतून चौघांना उठवल्यासारखं.

सुभद्रा हुंदरे. वय?
"गावात गिरण आली तवा माझे दात पडायलते."
गिरण कधी आली यावर तिघं भांडले,
चौथा मधे पडला आणि तोही भांडला.
शेवटी गिरणीचं वय ठरलं अडुसष्ट.
सुभद्राबाई पंचाहत्तर.

एकतिसाव्या घरात नीलव्वा,
माहेर बैलहोंगलकडं.
सासूशी मराठी, म्हशीशी कन्नड,
लेकराशी जे आधी तोंडात येईल ते.
मातृभाषेला रकाना एकच.
ती गप्प. मी गप्प. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू.
पोरगं माझ्याच शाळेतलं, दुसरीतलं,
म्हणालं, "बाई, म्हशीची कुठली लिवायची?"

शून्य ते सहा वर्षं: आठ.
साठीच्या वर: एक्काहत्तर.
मधल्या वयाचे फोटोत आहेत,
टीव्हीच्या वर, प्लास्टिकच्या फुलांमागं.

शाळेत नऊ पोरं.
आणखी एक कमी झालं तर
वरून काय पत्र येतं, मला पाठ आहे.
सातेरी पाखऱ्याची पूर्वा आईबरोबर फोंड्याला असते,
गणपतीला येते, जाताना रडते.
तिच्या ओळीवर माझं पेन बराच वेळ थांबलं.
काय लिहिलं ते सांगणार नाही.

जंगलाच्या कडेला गवळ्यांची चार खोपटी.
यादीत नाहीत, नकाशात नाहीत.
दूध मात्र रोज गावात येतं.
चालत गेले. धोंडू बावदानेनं आधी म्हशी मोजून दिल्या,
बावीस, प्रत्येकीचं नाव घेऊन.
मग माणसं, बोटांवर, घाईत.
नऊ.

रात्री गावाची बेरीज केली. एकशे अठ्ठ्याण्णव.
दोनदा केली. कुणीतरी राहिलंय असं वाटत होतं.
हलगेकरांच्या मागची खोली,
भाडं महिन्याला बाराशे, एकोणीस वर्षं झाली.
निपाणीहून भावाचा फोन आला होता,
"तुला इथं धरलंय गं. आईच म्हणाली, ती आपलीच."
असेल.
मी नवा कागद घेतला.
नाव लिहिलं. वय एक वर्षानं कमी लिहिणार होते, नाही लिहिलं.
नेहमी इथंच राहता का?
मोठ्यानं विचारलं स्वतःला, मराठीत.
तोंडातून आलं, "हौदु."

हसू आलं एकटीलाच.
मग पेन झटकलं, शाई संपत आली होती,
आणि गवळ्यांची नऊ
अजून कुठं धरायची ते ठरायचं होतं.