दोन सूत

मोरीच्या पलीकडं सहा बाय नऊची जागा होती.
तिथं एक मोडका कूलर,
आणि बंबासाठी आणलेली बाभूळ
उघड्यावर भिजायची, वाळायची, परत भिजायची,
मग वाळवी तिला आतून वाचून काढायची.
सकाळी अम्मा धुरात डोळे पुसत
साऱ्या नीलमनगरला शिव्या द्यायची, तेलुगूत.

गड्ड्याची जत्रा उठल्यावर राचप्पा सुतार आला.
आल्या आल्या काही मोजलं नाही.
अम्माच्या सुपातली एक विडी उचलली, पेटवली,
धूर कुठं जातो ते बघत बसला.
म्हणाला, वारं इकडनं येतंय, तोंड तिकडं करू.
लाकडाला वारं पायजे, पाऊस नको.
माणसागतच की.

तो म्हणतो कट्टिगे, अम्मा म्हणते कट्टेलु,
मी शाळेत सरपण शिकले.
ओलं असलं की तिन्ही भाषांत धूरच.

खाली विटांच्या दोन ओळी, वीतभर उंच.
खांबांना गॅरेजातलं जळकं ऑइल, दोन हात.
फळी आणि फळीत बोटभर फट.
वर पत्रा, उतार मागं,
तर मागची रंगम्मा भिंतीवरून ओरडली,
पाणी माझ्या तुळशीत पडंल!
अर्धा दिवस उतारातच गेला.
शेवटी पन्हळ लावली,
तिचं तोंड रंगम्माच्याच पिंपात सोडलं,
तेव्हा तिनं चहा पाठवला. साखर कमी होती.

नायना हे सगळं खुर्चीतून बघत होता,
टॉवेलाच्या कारखान्यातून घरी बसल्यापासून
जसं सगळंच बघतो तसं.

आडवं लाकूड चढवलं आणि राचप्पा म्हणाला,
दोन सूत कमी पडतंय.

नायनानं मान वर केली.
'कुठल्या नंबरचं?'

राचप्पा हसला. मग त्याचं हसू थांबलं.
टेप घेऊन खुर्चीपाशी उकिडवा बसला,
नखानं दाखवलं :
इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक, ते सूत.
नायनानं बोट फिरवलं त्या रेघांवर.
'एवढं जाड? असल्याचं तर दावं होईल, लुगडं नाही.'

मग तो उठला. स्वतःहून.
माळ्यावरून मागाची तुळई काढायला लावली,
साखरपेठेतल्या घरी खड्डा बुजवला
तेव्हापासून गोणपाटात गुंडाळलेली.
सागवान. धाग्यांनी घासून घासून
मधोमध पोट आत गेलेलं.
ती चार बोटं जास्त भरली.
राचप्पानं करवत उचलली,
नायनानं नुसता हात आडवा धरला.

म्हणून एका बाजूला ती अजून बाहेर डोकावते.
मी तिथं बल्ब टांगलाय.

त्या बल्बखालची जागा कामाची :
शहाबादी फरशी, कडुलिंबाचा ओंडका,
कुऱ्हाड, खिळ्यांचा डबा.
राचप्पानं स्टूल करून दिलं.
नायना दोन दिवस त्यावर बसला,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, पाय लोंबतायत, काम सुचत नाही.
खड्डा पाहिजे.

अम्मा म्हणाली, म्हाताऱ्याला येड लागलं,
आत विंचू येतील.
मी काहीच म्हणाले नाही.
राचप्पानं पहार घेतली, गुडघाभर खणलं,
कडेनं विटा लावल्या,
ह्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.

आता तो पाय आत सोडून बसतो,
ढलप्या काढतो, सगळ्या एका मापाच्या.
वरून हात दिसतात.
खाली वाकून बघितलं एकदा :
उजवा पाय दबत होता, मग डावा.

बाभूळ अजून ओलीच आहे.
पाडव्यापर्यंत हात लावू नका, असं राचप्पा बजावून गेला.
अम्मा रोज एक लाकूड उपसते,
दुसऱ्यावर ठोकते, कान लावते,
तोंड वाकडं करून परत ठेवते.