नांदेडात लाईट होती

मुख्तारच्या बापाचा गादी कारखाना, मानवतच्या मोंढ्यामागं.
तिथं कापूस हवेतच राहायचा, पिंजून झाल्यावरही.
पोर्टेबल टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या येतात
की समोरून रुई उडते,
कुणालाच सांगता यायचं नाही.

त्या रविवारी पिंजऱ्यातली कुस्ती.
वर्षातून एकदाच. तिकडं म्हणे वेगळे पैसे भरून बघतात.
इकडं केबलवाल्या गंगाधरला महिना साठ रुपये,
तेही मुख्तारच्या बापानं तीन महिन्यांचे थकवलेले.

डेडलॉक आणि कर्नल व्हल्चर.
सुग्रीव त्याला कर्नल वळचण म्हणायचा,
आम्ही हसायचो, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.
पत्त्यांत वळचणची छाती बासष्ट, वजन तीनशे दहा,
रँक मात्र नऊ.
तो पत्ता सुग्रीव कुणालाच द्यायचा नाही, हरला तरी.

तालमीतले वस्ताद एकदा जाता जाता दारात थांबले.
"ह्यात पाठ कुठं लागायली रे? लुटूपुटूचं हाय समदं."
आम्ही मान हलवली
आणि परत पडद्याकडं.

वळचण पिंजऱ्याच्या टोकावर चढला.
खाली डेडलॉक उताणा.
वळचणनं हात पसरले, समालोचकाचा आवाज फाटला
आणि भारनियमन.
वेळापत्रकाच्या अर्धा तास आधी.
मुख्तारच्या बापानं कंदील लावला नाही,
कापसात कंदील लावत नाहीत.
आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो,
जणू तोही वर तसाच थांबलाय
लाईट येईस्तोवर.

चौथा मुंजा, मामाकडं गेलेला. मंगळवारी पॅसेंजरनं आला.
"नांदेडात लाईट होती," एवढंच म्हणला आधी.
मग चहाचे पैसे आम्हाला द्यायला लावले
आणि सांगितलं:
वळचण सरळ उडालाच नाही.
त्यानं पाठ फिरवली, पब्लिककडं तोंड केलं, डोळे मिटले,
आणि गाडीवरून पोतं ढकलावं तसा मागं पडला,
हवेत एक गिरकी,
खांदा नेमका डेडलॉकच्या छातीवर.
पिंजरा तीन मिनिटं हालत होता.
तीन मिनिटं कशी मोजली, कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी, जिनिंगमधल्या गाठींच्या थप्पीवरून
सुग्रीवनं ती उडी मारली.
खाली दोन गाद्या, एक कुणाच्या तरी लग्नाची.
पाठ फिरवली. डोळे मिटले. गिरकी बरोबर आली.
खांदा आला दोन गाद्यांमधल्या फटीत.
परभणीच्या दवाखान्यात फोटोत हाड दिसलं
पेन्सिल मोडल्यासारखं.
पत्ता खिशातच होता, दुमडलासुद्धा नव्हता.

परवा रात्री परत तिथंच जमलो.
मुख्तार आता फोमच्या गाद्या विकतो, दुकानात काहीच उडत नाही.
मुंजाच्या पोरानं मोबाईलवर शोधून दिला
बावीस वर्षांपूर्वीचा अख्खा कार्यक्रम.
पडदा तळहाताएवढा, पण मुंग्या नाहीत.
चार डोकी, दोन टकली, एकमेकांना घासत.

वळचण चढला. हात पसरले.
मग खाली बघितलं त्यानं,
आणि जाळीला धरून, एकेक पाय चाचपत,
गच्चीवरून पापड काढून आणणाऱ्या बाईसारखा
सावकाश उतरला.
डेडलॉकच्या मॅनेजरनं डोळ्यांत पावडर फेकली.
घंटा. संपलं.
तिथल्या पब्लिकनंही शिट्टी मारली नाही.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग मुंजा, मोबाईल पालथा ठेवत:
"नांदेडातबी गेलती लाईट.
मामाच्या गच्चीवर झोपून गेलतो.
गाडीत सुचलं ते, पूर्णेच्या पुढं."

सुग्रीवचा हात कॉलरखाली गेला.
हाड जुळलं तिथं अजून उंचवटा आहे,
थंडीत ठणकतो म्हणतो.
आम्हाला वाटलं, उठला आता हा,
चाळिशीला टेकल्यावर पहिली खरी मारामारी.

"मंजे," तो म्हणला, "ती उडी कुणीच मारली नव्हती?"
"न्हाई."
"तिकडंबी?"
"कुठंच न्हाई."

तो उंचवटा चाचपत राहिला.
"मंग मीच की," म्हणला.
आणि पुन्हा, जरा मोठ्यानं,
रस्त्यावरच्या कुणाला ऐकू जावं असं,
"मीच की."

मुख्तार शटर ओढता ओढता म्हणला,
त्या लग्नाच्या गादीचे पैसे
अजून बाकी हायेत.